वर्षानुवर्षं दडवून ठेवलेली नाणी हाती लागली? मग या चुका टाळा

कुणाच्या तरी कपाटात, ट्रंकेत नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेली नाणी बाहेर येतात तेव्हा त्यांचं जे वाटोळं होतं ते बहुतेक वेळा त्या चाळीस वर्षांत झालेलंच नसतं, बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत होतं. आणि करणारे लोक फार हौसेने, प्रेमाने करतात, हेच जास्त वाईट वाटतं. म्हणून असा संग्रह तुमच्याकडे आला असेल किंवा येणार असेल तर नाण्याला हात लावायच्या आधी हे वाचा.

घासून चकाचक करणं

सगळ्यात महागडी चूक हीच. जुनं नाणं काळपट दिसलं की हात शिवशिवतात, मग टूथपेस्ट येते, लिंबू येतं, बेकिंग सोडा येतो, मेटल पॉलिश येतं. पण नाणं पाडताना ठसा जोरात आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अगदी बारीक रेषा उमटतात, दिव्याखाली नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी जी चमक गोल फिरते ती या रेषांमुळे. एकदा घासलं की त्या रेषा गेल्या, आणि त्या परत आणायचा उपाय जगात कुणाकडे नाही. उरते ती सपाट, खोटी चमक आणि त्यावर एका दिशेने पडलेले केसाएवढे ओरखडे, जे भिंग लावून बघणाऱ्याला लगेच दिसतात.

नाणं अस्सल आहे का आणि कोणत्या स्थितीत आहे हे तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या नाण्याला 1 ते 70 मध्ये ग्रेड देतात. घासलेल्या नाण्याला असा स्वच्छ आकडा मिळत नाही, लेबलवर फक्त 'डिटेल्स' येतं आणि पुढे साफ केल्याची नोंद येते, आणि दुर्मिळ नाण्यात एवढ्यानेच किंमत अर्धी किंवा त्याहून खाली जाऊ शकते.

'घासत नाही, नुसतं बुडवतो' म्हणणाऱ्यांसाठी पण सांगतो. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, म्हणजे नाण्याच्याच चांदीची हवेतल्या गंधकाशी झालेली संयुगं. बाजारात मिळणारी डिपची (चांदी साफ करायच्या रसायनाची) बाटली हा थर विरघळवते तेव्हा त्यात गेलेली चांदीही जाते आणि दोन-तीनदा बुडवलं की नाणं मेल्यासारखं दिसतं. अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती भांडी-चमच्यांसाठी ठीक आहे, नाण्यांसाठी नाही. शिवाय वर्षानुवर्षं एकाच पाकिटात राहून चांदीवर निळा, सोनेरी, जांभळा असा जो रंग चढतो, त्यासाठी काही संग्राहक जास्त पैसे मोजतात, आणि तुम्ही नेमका तोच धुऊन टाकाल.

डाग कसला आहे हे न बघता उपाय करणं

इथे जरा सावकाश वाचा, कारण हिरवं दिसलं म्हणजे सगळं एकच नसतं.

चिकट, ओलसर, तेलकट हिरवा थर असेल आणि नाणं मऊ प्लास्टिकच्या पाऊचमध्ये किंवा अल्बमच्या पानात होतं, तर तो पीव्हीसीचा परिणाम आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते वर्षांनी बाहेर झिरपतं, प्लास्टिक स्वतःही हळूहळू विघटित होऊन आम्ल सोडतं आणि ते धातू खायला लागतं. यावर शुद्ध अॅसिटोन चालतं. काचेच्या भांड्यात (प्लास्टिकच्या अजिबात नाही), खिडकी उघडी ठेवून, आग किंवा ठिणगी जवळ नसताना नाणं बुडवून ठेवायचं, मग नव्या अॅसिटोनमध्ये परत एकदा, आणि पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. अॅसिटोन धातूला काही करत नाही, फक्त वरचं प्लास्टिकचं आणि तेलाचं काढतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेलं असतात. थराखाली खड्डे पडले असतील तर ते मात्र तसेच राहणार, पण निदान पुढचं खाणं थांबतं.

तांब्या-ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसत असेल, टोकरली की पडते आणि काही दिवसांनी त्याच जागी परत येते, तर प्रकरण वेगळं आहे. नाण्याच्या आत क्लोराइड शिरलेलं असतं आणि दमट हवा लागली की ते धातू पोखरत जातं. जमिनीत राहून आलेल्या जुन्या नाण्यांना हे जास्त होतं. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत कोरडं ठेवा आणि धातूच्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, कारण घरी पाण्यात धुतलंत तर वाढेल.

आणि कडक, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर असेल जो हलत नाही, पसरत नाही, तर त्याला हात लावू नका, तोच नाण्याचं रक्षण करतोय.

सोन्याच्या नाण्यावर लालसर ठिपके दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा मिश्रधातूतल्या तांब्याचे असतात. शिशाच्या नाण्यावर किंवा पदकावर पांढरी पूड आली तर ते लाकडी पेटीतून काढा, लाकडातून निघणारी अॅसिटिक आम्लाची वाफ शिशाला खाते.

काढताना होणारं नुकसान

हे कुणी फारसं सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. जुने संग्राहक नाणी पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवून चारी बाजूंनी स्टेपल मारायचे. तुम्ही घाईत पुठ्ठा फाडून नाणं ओढलं की स्टेपलचं टोक नाण्यावरून सरकतं आणि सत्तर वर्षं जपलेल्या चेहऱ्यावर एक सरळ ओरखडा. आधी सगळ्या पिना पूर्ण काढा, मगच होल्डर उघडा. काही जुन्या अल्बममध्ये प्लास्टिकची सरकती पट्टी असते, ती ओढताना नाण्याच्या सगळ्यात उंच भागावर, गालावर, केसांवर समांतर रेषा पडतात. तिथे पट्टी दाबून नाण्यापासून लांब धरा, जमत नसेल तर एक कड कापून टाका, अल्बम गेला तरी चालेल.

नाणं धरायचं ते फक्त कडेने, खाली मऊ कापड अंथरून. बोटाचा घाम आज दिसत नाही, पण तांब्याच्या नाण्यावर काही वर्षांनी तुमचा ठसा उमटलेला असतो आणि तो निघत नाही. नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा बारीक थेंबही काळा ठिपका बनतो.

पाकिटं, चिठ्ठ्या, पावत्या फेकून देणं

नाणी एका मोठ्या बरणीत ओतली आणि जुनी पिवळी पाकिटं केराच्या टोपलीत, असं किती ठिकाणी होत असेल! त्या पाकिटावर कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, किती दिले हे असतं, कधी किंमत अक्षरांच्या गुप्त खुणेत लिहिलेली असते. हाच नाण्याचा माग. मालकी सिद्ध करायला तो लागतो, आणि नामांकित संग्रहातून आलंय हे कळलं तर बोलीही वाढते. गंधकवाला कागद नाण्याला त्रास देतो म्हणून पाकीट नाण्यापासून वेगळं करा, पण जपून ठेवा आणि दोन्हींवर एकच नंबर टाका. हलवायच्या आधी सगळं जसं आहे तसं फोटोत घ्या.

एका माणसाच्या शब्दावर 'खोटं आहे' म्हणून सोडून देणं

अमेरिकेतलं 1913 चं लिबर्टी हेड निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं, पाचच माहीत आहेत. त्यातलं एक ज्याच्याकडे होतं तो संग्राहक 1962 मध्ये गाडीच्या अपघातात गेला, नंतर नाणं तपासणाऱ्यांनी ते बनावट ठरवलं आणि कुटुंबाने ते पाकिटात घालून कपाटात ठेवून दिलं. जवळजवळ चाळीस वर्षं! 2003 मध्ये बाल्टिमोरच्या प्रदर्शनात बाकीच्या चार नाण्यांशेजारी ठेवून तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा ते अस्सल निघालं, आणि 2013 च्या लिलावात 31 लाख डॉलरच्या वर गेलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे त्या कुटुंबाने ते फेकलं नाही आणि घासलंही नाही.

उलटंही खरं आहे, जुनं घर आणि जुनं पाकीट म्हणून नाणं खरंच असेल असं नाही, बनावट नाणी पूर्वीही होती. आधी वजन करा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो. व्यास मोजा, चुंबक लावून बघा. चांदीची घनता साधारण 10.5 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, शुद्ध सोन्याची 19.3, शिशाची 11.3. फक्त टंगस्टन सोन्याच्या इतकं जवळ जातं की नुसत्या घनतेने तो फरक पकडता येत नाही. आणि नाण्यावर ओरखडा मारून किंवा कापून तपासायचं नाही, कुणालाही करू द्यायचं नाही.

चमकणारं वेगळं, साधं दिसणारं खर्चायला

1975 चा अमेरिकेचा दहा सेंटचा डाइम, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रूफ सेटमधला (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा संच), पण त्यावर 'एस' ही टांकसाळीची खूण राहून गेलेली. अशी दोनच माहीत आहेत. त्यातला एक ओहायोतल्या एका कुटुंबाने चाळीस वर्षांहून जास्त लपवून ठेवला, नंतर तो बहिणींकडे आला आणि 2024 मध्ये 5 लाख 6 हजार 250 डॉलरला विकला गेला. न माहीत असलेल्या माणसाच्या हातात ते फक्त दहा सेंट! जुनं म्हणजे महाग आणि नवं म्हणजे फुटकळ, सोनं म्हणजे मौल्यवान आणि निकेल म्हणजे कचरा, अशी वाटणी करू नका. वर्ष, टांकसाळीची खूण, ठशातली चूक आणि नाण्याची स्थिती हे चारही बघा.

परत चुकीच्या जागी ठेवणं

रबर बँड नको (गंधक), मऊ वास येणारं प्लास्टिक नको, लाकडी पेटी नको. पॉलिएस्टरचे फ्लिप (नाण्याची छोटी पारदर्शक पाकिटं) किंवा अॅक्रिलिकची कॅप्सूल बरी. आगीपासून वाचवणारी तिजोरी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिच्या भिंतीतल्या भरावात पाणी बांधलेलं असतं आणि आतली हवा दमट होते, म्हणून सिलिका जेल ठेवा आणि वेळोवेळी बदला.

मालकीचा प्रश्न न तपासता दाखवायला नेणं

अमेरिकेचं 1933 चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. 4 लाख 45 हजार 500 पाडली गेली पण चलनात कधी आलीच नाहीत, जवळजवळ सगळी वितळवली. फिलाडेल्फियातल्या एका जवाहिऱ्याच्या वारसांना बँकेच्या लॉकरमध्ये अशी दहा सापडली, त्यांनी ती खरी आहेत का बघायला टांकसाळीकडे पाठवली, टांकसाळीने खरी आहेत असं सांगितलं आणि ठेवून घेतली. खटला 2017 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार देईपर्यंत चालला आणि नाणी सरकारकडेच राहिली. म्हणून जमिनीतून निघालेली, टांकसाळीतून निसटलेली किंवा दुसऱ्या देशातून आलेली नाणी असतील तर आधी वकील, मग तपासणी. जमिनीत सापडलेल्या धनाचे कायदे देशागणिक वेगळे आहेत.

कुणालाच न सांगणं, किंवा सगळ्यांना सांगणं

लपवलेल्या संग्रहाचा मालक गेला की वारसांना कळतच नाही काय आहे. डेन्मार्कचा लोण्याचा व्यापारी लार्स एमिल ब्रून 1923 मध्ये गेला तेव्हा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की सुमारे 20 हजार नगांचा त्याचा संग्रह शंभर वर्षं विकायचा नाही, सरकारी संग्रह नष्ट झाला तर त्याच्या जागी हा द्यायचा. विक्री 2024 मध्ये, ठरल्याप्रमाणे शंभर वर्षं उलटल्यावरच सुरू झाली, कारण लिहून ठेवलेलं होतं. तुम्हीही यादी करा, फोटो, वजन, घेतल्याची किंमत, आणि ती नाण्यांसोबत न ठेवता विश्वासातल्या एका माणसाकडे द्या. आणि ऑनलाइन फोटो टाकायचाच असेल तर मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद असते, ती आधी काढा.

विकायची वेळ आली तर पहिल्याच व्यापाऱ्याला 'सगळं मिळून किती?' विचारू नका, त्या एका आकड्यात चांगली नाणी वाईट नाण्यांच्या भावात जातात. दोन-तीन जणांकडून वेगवेगळं मत घ्या, मोठी नाणी ग्रेडिंगला पाठवा. आणि एकाच प्रकारची नाणी ढिगाने असतील तर एकदम ओतू नका. नेवाड्यातल्या रेनोमध्ये लावेर रेडफील्ड 1974 मध्ये वारला तेव्हा घरातून एक डॉलरची चांदीची 4 लाखांहून जास्त नाणी निघाली. 1976 मध्ये सगळा साठा एकत्र 73 लाख डॉलरला विकला गेला, आणि घेणाऱ्यांनी तो बाजारात हळूहळू सोडला म्हणून भाव कोसळले नाहीत.