सिम्युलेटरमध्ये विमानवाहू नौकेवर उतरण्यापूर्वी वजन तपासा

एफ/ए-१८सी हॉर्नेट या अमेरिकी लढाऊ विमानासाठी नौकेवर उतरतानाच्या वजनाची सर्वसाधारण मर्यादा ३३,००० पौंड मानली जाते. पण संगणकावरच्या विमान सिम्युलेटर खेळात न वापरलेले बॉम्ब आणि भरलेल्या टाक्या घेऊन त्याहून कितीतरी जड विमान उतरवले, तरी डेकवर आडवी ताणलेली, विमानाचा हुक पकडणारी तार बहुधा ते निमूटपणे थांबवते आणि चालकाला आपली चूक कळतच नाही. प्रत्यक्षात ही तार ओढून धरणारी अटकाव यंत्रणा प्रत्येक विमानाच्या वजनानुसार आधीच जुळवलेली असते. वजन १० टक्क्यांनी वाढले, की त्याच आघातकोनात (पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोनात) उतरण्याचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, आणि गतिज ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढत असल्याने विमान थांबवण्यासाठी शोषावी लागणारी ऊर्जा जवळपास २१ टक्क्यांनी वाढते. समोरचा वारा आणि नौकेची गती यांमुळे डेकच्या तुलनेतला वेग कमी होतो, हे खरे. मात्र चाकांच्या पायांवर बसणारा उभा धक्का त्यामुळे टळत नाही.

म्हणून खेळ माफ करत असला, तरी शिस्त आपणच पाळावी, असे मला मनापासून वाटते. हॉर्नेटच्या कॉकपिटमधील पडद्यावरच्या चेकलिस्ट पानावर दिसणारे वजन परतीच्या वाटेवरच पाहावे आणि जास्त असल्यास आधी इंधन सोडावे, तेवढ्याने भागले नाही तरच शस्त्रे समुद्रात टाकावीत. मात्र तार चुकल्यास पुन्हा घिरटी घालून येण्यापुरते इंधन राखूनच हे करावे. अंतिम टप्प्यात ठरावीक वेग पाठ करून तो धरण्याऐवजी ८.१ अंशांचा आघातकोन सांभाळावा, कारण योग्य वेग वजनागणिक बदलत असतो.