बडोद्यात धान्य-भाजीचा गट चालवायचा असेल तर

गृहविज्ञान शिकणाऱ्या मुली, शेतकीची पदविका घेतलेली मुलं, मधूनच एखादा नोकरीला कंटाळलेला इंजिनिअर, अशी मंडळी आमच्या गटाचं काम बघायला येतात. गट म्हणजे शहरातली काही घरं एकत्र येऊन शेतकऱ्याकडून थेट धान्य-भाजी घेतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चांगली, विषमुक्त भाजी पिकवणारा शेतकरी कुठे मिळेल? शेतकरी मिळतो. बडोद्याजवळच्या पादरा, सावली, डभोई या गावांच्या अंगाला मन लावून शेती करणारी माणसं भरपूर आहेत. कस लागतो तो शहरात. वीस-पंचवीस घरांनी पेरणीच्या आधी "आम्ही घेऊ" म्हणायचं आणि पीक आल्यावर, बाजारात तेच स्वस्त मिळत असतानाही, ते घ्यायचं. या क्षेत्रात येणाऱ्याने आपली निम्मी शक्ती इथे खर्च होणार हे धरूनच चालावं.

आधी नेहमीची वाट समजून घ्या. पादऱ्याचा शेतकरी दुपारनंतर तोडणी करतो, रात्री टेम्पोत माल चढवतो आणि पहाटेच्या लिलावात तो विकला जातो. भाव कळतो तेव्हा माल शेतातून निघून गेलेला असतो. परत न्यायचा तर भाडं अंगावर, म्हणून मिळेल त्या भावाला हो म्हणायचं. हमाली, दलाली, तूट वजा होऊन चिठ्ठी हातात पडते. तीच वांगी सकाळी शहरात रावपुऱ्यातल्या लारीवर (हातगाडीवर) दुपटी-तिपटीने विकली जातात. हे पाहून नवख्या माणसाला दलालाचा राग येतो. तो राग घेऊन गावात जाऊ नका. मुलीच्या लग्नाला, मोटर जळाली तर, बियाणं घ्यायला रातोरात पैसे देणारा तोच असतो. शेतकरी त्याच्याकडे परत जातो तो त्यामुळेच. आपल्या गटाला त्याची जागा घ्यायची असेल तर ही उचल देण्याची सोय आपल्याकडे हवी. भाव दोन रुपये जास्त देऊन ती भरून निघत नाही.

बडोदेकराला सहकार परका वाटायचं कारण नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी याच शहरात 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू केली. देशातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकाराचा कायदा आला १९०४ साली. त्याआधी पंधरा वर्षं इथली मध्यमवर्गीय घरं कायद्याच्या आधाराशिवाय एकमेकांच्या भरवशावर पैसा एकत्र करत होती. पुढे १९४६ मध्ये शेजारच्या आणंदमध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला. त्याचं खरं बळ मला गावच्या दूध मंडळीच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, खिडकीत दिसतं: रोज दोन वेळा दूध मोजायचं, सगळ्यांसमोर फॅट काढायचं आणि हिशेब वहीत मांडून पैसे ठरल्या वेळी चुकते करायचे. आणंद रेल्वेने तासाभराच्या आत येतं. एका सकाळी एखाद्या गावच्या दूध मंडळीत उभं राहून हे पाहा.

सुरुवात भाजीने करू नका, धान्याने करा. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. भाजी दोन दिवसांत शिळी होते, गहू वर्षभर टिकतो. शिवाय मराठी आणि गुजराती, दोन्ही घरांत वर्षाचं धान्य भरायची रीत आजही पूर्ण मोडलेली नाही. उन्हाळ्यात गहू निवडून, वाळवून, दिवेलाचा (एरंडेल तेलाचा) हात फिरवून कोठीत भरणाऱ्या आज्या-काकू शहराच्या दांडिया बाजार भागात अजून आहेत. त्यांना धरा. गहू दाताखाली फोडून त्याचा ओलावा ओळखणारी बाई गटात असणं फार मोलाचं. पावसाळ्यात गव्हाला कीड लागली की पहिला संशय शेतकऱ्यावर जातो, आणि चूक पुष्कळदा नीट न वाळवण्याची असते.

हिशेब सोपा आहे. चौघांच्या घराला वर्षाला दीड क्विंटलच्या आसपास गहू लागतो. वीस घरांचे झाले तीस क्विंटल. पाण्याखालच्या शेतात हेक्टरी साधारण एवढंच पीक येतं. म्हणजे वीस घरं एकत्र आली की एका शेतकऱ्याच्या हेक्टरभर गव्हाची विक्री पेरणीआधीच ठरते. पोळीसाठी बहुतेक घरं लोकवन मागतात. हे वाण गुजरातमधलंच, भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं. लाडू, लापशी, रव्यासाठी भाल भागातला भालिया गहू घ्या. पावसाचं पाणी ओसरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तूर आणि मका छोटा उदेपूरकडून येऊ शकतो, आणि कोदरी हे भरडधान्य तर आवर्जून आणा. आमच्या गटात आधी कोणी कोदरी शिजवत नव्हतं. मग एका सभासद काकूंनी ताकातली कोदरी करून सगळ्यांना वाटली आणि पुढच्या यादीत ती आपोआप आली. अन्नपोषण शिकलेल्यांनी तंतुमय पदार्थांवर भाषण देण्याआधी वाटीभर शिजवून द्यावं, हे मी त्यातून शिकले.

पैसे कसे घ्यायचे? आम्ही दिवाळीच्या आत यादी करतो, तेव्हा एक तृतीयांश रक्कम घेतो आणि ती त्याच आठवड्यात शेतकऱ्याच्या खात्यात जाते. दुसरा भाग फेब्रुवारीत, उरलेले माल मोजून घेताना. ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांच्यासाठी दरमहा हप्ता. पोळ्या करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका अशा गटाबाहेर राहिल्या तर ते काम श्रीमंतांच्या शौकाचं होऊन बसतं आणि मला त्यात रस नाही. त्यांचे हप्ते उलट वेळेवर येतात. ज्यांना आठवण करून द्यावी लागते ती घरं वेगळीच असतात.

धान्याचं एक चक्र नीट पार पडलं की मग भाजी. इथे सभासदांशी पहिलं बोलणं ऋतूंचं करा. जूनमध्ये फ्लॉवर आणि ऑगस्टमध्ये पालक मागणारी घरं असतात. भर पावसात इथल्या काळ्या मातीत पालेभाजी कुजते. तेव्हा दुधी, गिलकी, कारली, भेंडी, गवार खायची. थंडीत पापडी, वांगी, मेथी, ओली तूर, रताळी, कंद, म्हणजे उंधियूचं सगळं सामान. उन्हाळ्यात टोपली हलकी होते, गवार-चवळी-काकडीवर दिवस काढावे लागतात. हे आधी सांगितलं तर लोक समजून घेतात. आधी न सांगता मे महिन्यात तिसऱ्यांदा गवार दिली की ते गट सोडतात.

भावावर थोडं सविस्तर लिहिते, कारण गट मोडतात ते इथेच. भाव बाजारावर सोडायचा नाही, हंगामासाठी एकच ठरवायचा. शेतकऱ्यासोबत बसून बियाणं, खत, पाणी, तोडणीची मजुरी आणि त्याच्या घरच्यांचे श्रम मांडायचे. घरच्या बायकांची मजुरी धरायला शेतकरी स्वतःच विसरतो. ती आपण धरायला लावायची. समजा वांग्याचे किलोला २५ रुपये ठरले. त्यावर टेम्पो आणि तूट मिळून ६, गट चालवणाऱ्याच्या मोबदल्याचे ४, म्हणजे सभासदाला ३५. आता डिसेंबरात बाजारात वांगी १५ वर येतात आणि सभासद कुरकुरतो. उलट २०२३च्या जुलैत टोमॅटो देशभर शंभरीपार गेला, तसं काही झालं की शेतकऱ्याला मोह होतो. दोघांनाही एकच उत्तर द्यायचं: हंगाम संपल्यावरच्या बैठकीत बोलू, तोवर ठरलेला भाव. ही बैठक शेतावर, सभासद आणि शेतकरी समोरासमोर बसून व्हायला हवी. तोडणीला वाकून पाहिलेला माणूस नंतर दोन रुपयांवरून भांडत नाही.

विश्वासाचं काम कागदावरही करावं लागतं. सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची पीजीएस-इंडिया ही सहभागी हमीची पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. ते एकमेकांची शेतं तपासतात, नोंदी ठेवतात. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' आणि तो पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. आपण ग्राहकांनीही या तपासणीला जावं. शेजारच्या बांधावर फवारणी होते का, मधे मक्याची किंवा तुरीची आडोशाची ओळ आहे का, हे डोळ्यांनी दिसतं.

मात्र बडोद्याच्या परिसरात खत-औषधाइतकाच पाण्याचा प्रश्न विचारला पाहिजे. हा कारखान्यांचा पट्टा आहे आणि काही गावांत भूजल बिघडलेलं आहे. शेतकरी एक थेंब रसायन न वापरता पिकवत असेल आणि विहिरीचं पाणीच खराब असेल, तर आपल्या आधी फसवणूक त्याचीच झालेली असते. म्हणून नवा शेतकरी जोडण्याआधी त्याच्या बोअरचं पाणी आणि माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि तो खर्च गटाने करा. त्याच्यावर टाकू नका. पाणी खराब निघालं तर माल घेता येत नाही, हे त्याच्या अंगणात बसून सांगावं लागतं. अशा वेळी तपासणीचा कागद त्याच्याच हाती द्या. पुढे तक्रार करायला त्याला तो लागतो.

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात शहरातल्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. समा, फतेगंज, अकोटा, सयाजीगंज भागांत घरांत पाणी शिरलं. दूध-भाजी मिळेनाशी झाली. ज्या घरांत वर्षाचा गहू-तांदूळ-डाळ वरच्या मजल्यावर होती त्यांनी शेजाऱ्यांचीही चूल चालवली. तळमजल्यावरच्या कोठ्या भिजून गेल्या. तेव्हापासून आमचं सामायिक धान्य एका जागी राहत नाही. नदीपासून लांबच्या तीन-चार घरांत, उंचावर, वाटून ठेवतो. शेतांचंही तेच झालं होतं, वेलवर्गीय भाज्यांचे मांडव झोपले. दरमहा प्रत्येक घराकडून थोडे पैसे बाजूला काढून आम्ही राखीव निधी केला होता. त्यातून शेतकऱ्यांना नव्या बियाण्याचे पैसे गेले. अन्नसुरक्षा हा शब्द अहवालांत पुष्कळ वाचला होता, पण तिची खरी व्यवस्था त्या आठवड्यात समजली. नवीन गटाने हा निधी पहिल्या महिन्यापासून सुरू करावा, रक्कम कितीही छोटी असो.

वाटपाचा दिवस फार अवघड नसतो. वाड्याचा ओटला (ओटा), एक वजनकाटा, क्रेट आणि वेळ पाळणारी दोन माणसं पुरतात. वही मात्र रोजच्या रोज लिहिली पाहिजे आणि ती ओटल्यावर कोणालाही उघडता आली पाहिजे. शेतकऱ्याचे पैसे तिसऱ्या दिवसाच्या पुढे जाऊ देऊ नका. "बेन, पैसा क्यारे?" (ताई, पैसे कधी?) असा फोन त्याला करावा लागला, की पुढच्या वेळी चांगला माल दलालाकडे आणि उरलेला तुमच्याकडे येणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

याचं शिक्षण कुठे मिळतं, असं विचारतात. मी स्वतः सयाजीराव विद्यापीठात अन्न आणि पोषण शिकले. त्याचा उपयोग होतोच, पण हिशेब लिहिणं वेगळं शिकावं लागलं. आणंदला कृषी विद्यापीठ आहे आणि १९७९ मध्ये सुरू झालेली इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्थाही. बडोद्यातल्या गोत्रीच्या विनोबा आश्रमात 'जतन' या संस्थेचं सेंद्रिय शेतीचं काम कपिल शहांनी वर्षानुवर्षं उभं केलं आहे. तिथे नुसतं बसून ऐकलं तरी पुष्कळ कळतं. पगारी काम हवं असेल तर शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे पाहा. २०२० मध्ये दहा हजार अशा संस्था उभ्या करण्याची केंद्राची योजना आली. सपाट प्रदेशात किमान ३०० शेतकरी सभासद लागतात आणि तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापनाचं साहाय्य मिळतं. त्यातून व्यवस्थापक आणि हिशेबनीसाचा पगार निघतो. तीन वर्षांनंतर कंपनीला स्वतःच्या व्यवसायावर तो पगार देता येईल का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.

छोट्या गटातही काम करणाऱ्याला मोबदला हवा. पहिले काही महिने पदरमोड करून, सेवा म्हणून सगळे करतात आणि मग थकतात. किलोमागचे ते चार रुपये मागायला लाजू नका. शिवाय गुजराती बोलता येणं पुरेसं नाही. पादरा आणि छोटा उदेपूरची बोली कानावर पडू द्या, गावात जेवायला थांबा, तिथल्या राठवा आदिवासी बायकांकडून पिकांची त्यांची नावं लिहून घ्या.

यंदा सुरू करायचं असेल तर दिवाळीच्या आत पंधरा-वीस घरांची गव्हाची आणि तुरीची मागणी लिहून काढा. गव्हाची पेरणी नोव्हेंबरात होते, त्यामुळे उचलीचे पैसे तोवर शेतकऱ्याच्या हाती पडायला हवेत. सोबत मांडवीतल्या किंवा बाबाजीपुऱ्यातल्या एखाद्या जाणत्या काकूंना घ्या आणि रविवारी सकाळी पादऱ्याची बस पकडा.