मागच्या डिफरन्शियलचं जुनं ऑइल काढताना

डिफरन्शियल म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा. त्याचा वरचा नट, म्हणजे ऑइल भरायचा, आधी सैल करून पाहा. बरेच जण थेट खालचा खोलतात, सगळं ऑइल ट्रेमध्ये येतं आणि मग कळतं की वरचा गंजून जाम आहे. आता गाडी जागची हलवता येत नाही. वरचा निघाला तरच खालच्याला हात लावा.

ऑइल गरम हवं. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून आणली की ते पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. थंड गिअर ऑइल मधासारखं गळतं, निम्मी घाण आतच राहते. गाडी सपाट जमिनीवर घ्या, चाकांना ठोकळे लावा. जॅकवर उचलली असेल तर खाली स्टँड हवेतच.

खालच्या, म्हणजे ड्रेन नटाला बहुधा चुंबक असतं. त्यावरचा राखाडी चिखल ही रोजची झीज, पुसून टाका. नखाएवढा तुकडा किंवा दात निघाला तर ऑइल बदलून भागणार नाही, क्राउन-पिनियन (आतली मोठ्या-लहान गिअरची जोडी) उघडून बघावं लागेल. काही हाऊसिंगला (डिफरन्शियलच्या बाहेरच्या डब्याला) खालचा नटच नसतो. तिथे मागचं कव्हर खोला, नाहीतर पंपाने ओढून घ्या.

ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात हे हमखास होतं: तापलेलं हाऊसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि तुंबलेल्या ब्रीदरमुळे (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या नळीमुळे) पाणी सीलमधून ओढलं जातं. ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं ऑइल भरण्यात अर्थ नाही.

धुवायला रॉकेल किंवा डिझेल ओतू नका. ते बेअरिंगमध्ये आणि अ‍ॅक्सलच्या नळीत साचून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. त्याऐवजी त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल भरा, पाच-सात किलोमीटर हळू चालवा आणि पुन्हा काढा. दुधाळपणा उरला तर परत तेच.

हायपॉइड गिअरला (ज्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला असतं) जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, ग्रेड (८०डब्ल्यू-९० वगैरे) पुस्तिकेत बघा. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) डिफरन्शियल असेल तर त्यासाठीचंच ऑइल किंवा अ‍ॅडिटिव्ह हवं, नाहीतर वळणावर कटकट ऐकू येते. जुने कपडे घाला; गिअर ऑइलमधल्या गंधकाचा वास दोन धुण्यांतही जात नाही.

खालच्या नटाला नवा वॉशर घालून तो आवळा. मग वरच्या नटाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल येऊन बारीक धार लागेपर्यंत भरा. फक्त मागची बाजू उचललेली असेल तर ही पातळी खोटी असते. जास्त भरलं तर ते सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. एक चक्कर मारून दोन्ही नट आणि ड्रमची आतली बाजू कोरडी आहे का ते बघा.