डीडी फ्री डिश: चित्र तुटत असेल तर काय तपासायचे आणि रेकॉर्डिंगसाठी काय घ्यायचे

फ्री डिशचे चित्र अडकू लागले की बहुतेक घरांत कोणीतरी लगेच गच्चीवर जाऊन छत्री हलवते. खरे तर हे सगळ्यात शेवटी करायचे काम आहे. घट्ट बसवलेली छत्री सहसा आपोआप फिरत नाही. कनेक्टर सैल होतो, केबलमध्ये पाणी शिरते, अडॅप्टर कमजोर पडतो. म्हणून तपास टीव्हीपाशी सुरू करावा आणि तिथून गच्चीकडे जावे.

आधी क्वालिटीची पट्टी

सेट-टॉप बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेन्यूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थवर फार विसंबू नका. एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा) स्वतःच बराच गोंगाट, म्हणजे नको असलेल्या लहरी, वाढवून खाली पाठवतो, त्यामुळे छत्रीचे तोंड चुकीच्या दिशेला असले तरी ही पट्टी भरलेली दिसू शकते. बॉक्सला त्या गोंगाटातून खरा सिग्नल किती स्वच्छ वेगळा करता येतो, ते क्वालिटी सांगते. एका कंपनीच्या बॉक्सवरचे ७० टक्के आणि दुसरीच्या बॉक्सवरचे ७० टक्के यांची तुलना करण्यात अर्थ नाही. कोरड्या, स्वच्छ दिवशी आपल्या बॉक्सवर दिसणारा आकडा कागदावर लिहून बॉक्सच्या खाली चिकटवा. पुढचा प्रत्येक तपास त्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर एलएनबीला वीज पोहोचत नाही. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर दिशा किंवा सेटिंग चुकले आहे. क्वालिटी खाली-वर नाचत असेल तर सैल जोड, पाणी किंवा वाऱ्याने हलणारा खांब, या क्रमाने संशय घ्या. क्वालिटी उत्तम आहे आणि मोजकेच चॅनल गायब आहेत, तर बिघाड शोधत बसू नका. प्रसार भारतीच्या ई-लिलावानंतर चॅनलच्या जागा बदलतात, विशेषतः १ एप्रिलच्या आसपास. अशा वेळी नव्याने स्कॅन करणे एवढाच उपाय असतो. शिवाय एमपेग-२ या चित्र आटवून पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा बॉक्स एमपेग-४ या नव्या पद्धतीतले चॅनल दाखवूच शकत नाही. त्यासाठी बॉक्सच बदलावा लागतो.

सेटिंग अशी ठेवा: एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू. छत्रीची केबल थेट बॉक्सला येत असेल तर डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडणाऱ्या स्विचची सेटिंग) बंद. ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, ज्यावरून चॅनलचा एक गट येतो) ११०९० मेगाहर्ट्झ, सिम्बॉल रेट २९५००, पोलरायझेशन (लहरींची उभी किंवा आडवी ठेवण) व्हर्टिकल. या ट्रान्सपॉंडरवर क्वालिटी आली की पूर्ण स्कॅन करा.

केबल आणि कनेक्टर

कनेक्टरला हात लावण्याआधी बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करा. केबलमधून एलएनबीकडे १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात आणि केबलमधल्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. केबलच्या टोकाचा, फिरवून बसवायचा एफ कनेक्टर उघडून पाहा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिलिमीटर यायला हवी. ती कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर वाकते. तार काळी किंवा हिरवट पडली असेल तर १० सेंटिमीटर केबल कापून नवा कनेक्टर लावा. कापलेल्या टोकाची जाळीही काळी असेल तर पाणी आतपर्यंत गेले आहे. अशी केबल वाळवून उपयोग होत नाही, ती पूर्ण बदला.

घ्यायची ती ७५ ओहमची आरजी-६. केबल टीव्हीच्या कामातून उरलेली बारीक आरजी-५९ या फ्रीक्वेन्सीवर सिग्नल जास्त खाते. मध्ये जोड नको, छत्रीपासून बॉक्सपर्यंत एक सलग तुकडा हवा. एलएनबीपाशी केबलला खालच्या बाजूने एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये न शिरता वळशाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली तर ती उन्हाळ्यात सुटते आणि पावसाळ्यात आतच पाणी धरून ठेवते. ताणून गुंडाळल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप वापरा.

मल्टिमीटर असेल तर बॉक्स सुरू करून एलएनबीकडच्या टोकाला मधली तार आणि जाळी यांत डीसी व्होल्ट मोजा. व्हर्टिकल ट्रान्सपॉंडरवर साधारण १३ व्होल्ट मिळायला हवेत. तिथे १३ मिळतात, छत्रीची दिशा कोणी बदललेली नाही आणि तरीही क्वालिटी येत नाही, तर एलएनबी बदलून पाहा.

छत्री हलवायचीच असेल तर

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला आणि बराच उंच दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अशी: मुंबई १३१ आणि ५७.५ अंश, पुणे १३२ आणि ५९, छत्रपती संभाजीनगर १३६ आणि ५९, कोल्हापूर १२९ आणि ६०, नागपूर १४४.५ आणि ६०, पणजी १२७ आणि ६१. उंची एवढी असल्यामुळे समोरच्या भिंतीची फार भीती नाही. छत्रीपासून ३ मीटरवरचा अडथळा तिच्यापेक्षा ४ मीटर उंच असला तरी सिग्नल वरून येतो. वाढलेल्या आंब्या-नारळाच्या फांद्या मात्र पाहून घ्या. ओली पाने सिग्नल कोरड्या पानांपेक्षा खूप जास्त अडवतात.

दिशा पाहताना फोनचे होकायंत्र छत्रीला टेकवू नका, लोखंडामुळे ते चुकते. दोन-तीन मीटर मागे उभे राहून दिशा घ्या आणि समोर एखादी खूण ठरवा. उंचीच्या बाबतीत अनेकजण फसतात. ६० सेंटिमीटरची छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे ती दिसते त्यापेक्षा साधारण २२ ते २६ अंश वर बघत असते. म्हणून पुण्यात तिचा चेहरा उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे झुकलेला हवा. वरच्या आणि खालच्या काठावर सरळ काठी धरून तिच्यावर फोनचे कोनमापक ठेवले की हे मोजता येते. त्याआधी खांब ओळंब्यात आहे ना, ते तपासा. खांब कललेला असेल तर छत्री आडवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि सिग्नल सापडत नाही.

आता नट हाताने फिरतील इतपत सैल करा आणि काठ अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा काठ १ सेंटिमीटर सरकला की दिशा जवळजवळ २ अंश बदलते आणि डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारीच आहे. प्रत्येक हालचालीनंतर ३-४ सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. क्वालिटी आली की स्कॅन करून डीडी सह्याद्री आणि डीडी नॅशनल दिसतात ना, याची खात्री करा.

शेवटी एलएनबी फिरवा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पावसाळ्यात त्याचा त्रास होतो. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे सरळ उभा लावलेला एलएनबी त्याच्या पोलरायझेशनशी जुळत नाही. छत्रीच्या मागे उभे राहून आकाशाकडे पाहताना तो घड्याळाच्या उलट दिशेने तिरका करावा लागतो. मुंबई-पुण्याकडे हा कल जास्त, नागपूरकडे कमी. थोडा थोडा फिरवत क्वालिटी जिथे सर्वाधिक होईल तिथे आवळा. नट एकाआड एक, थोडे थोडे आवळा आणि आवळताना पट्टीवर लक्ष ठेवा, कारण आवळतानाच छत्री सरकते.

एवढे करूनही मुसळधार पावसात चित्र जात असेल तर मोठी छत्री घ्या. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरच्या छत्रीने साधारण साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल मिळतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा खर्च वसूल होतो. मात्र मोठ्या छत्रीवर वाऱ्याचा जोरही वाढतो, म्हणून खांब जाड आणि चार अँकर बोल्टवर हवा.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी ११ च्या आसपास थोडी मिनिटे चित्र गेले तर कशालाही हात लावू नका. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो.

रेकॉर्डिंग

थेट पाहताना क्षणभर अडकलेले चित्र आपण विसरतो, पण रेकॉर्डिंगमध्ये ते कायमचे राहते. म्हणून क्वालिटी सुधारल्याशिवाय यावर पैसे घालू नका.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला फ्री-टू-एअर, म्हणजे मोफत चॅनल पकडणारा बॉक्स. शक्यतो एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) चालणाराच घ्या. दुकानात विचारायचा मुख्य प्रश्न असा: रेकॉर्डिंगची फाइल संगणकावर उघडते का? साधी टीएस फाइल तयार होत असेल तर ती व्हीएलसीवर चालते. काही बॉक्स आणि बहुतेक टीव्ही फाइल कुलूपबंद करतात. तो बॉक्स किंवा टीव्ही बिघडला की जमवलेले सगळे गेले. सशुल्क डीटीएचच्या रेकॉर्डर बॉक्सचेही तसेच, त्याची डिस्क काढून दुसरीकडे चालत नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. ३ मेगाबिट प्रतिसेकंदाचा चॅनल तासाला सुमारे १.३५ जीबी घेतो, म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ४० तासांहून जास्त मावते. ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. बॉक्स मग तिचे तुकडे पाडतो किंवा रेकॉर्डिंगच थांबवतो. बॉक्स एनटीएफएस वाचत असेल तर तेच वापरा. स्वस्त पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग मध्येच पडतो आणि फाइलमध्ये मध्येच खंड पडतात. रोज रेकॉर्ड करायचे असेल तर छोटी एसएसडी बरी.

रेकॉर्डिंग सुरू करताच बॉक्स बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर दोष अडॅप्टरचा असू शकतो. त्याला बॉक्स, एलएनबी आणि ड्राइव्ह अशा तिघांना वीज द्यायची असते. १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर १२ व्होल्टचाच २ अँपिअरचा लावा. व्होल्ट बदलू नका. यांत्रिक हार्ड डिस्क बॉक्सच्या यूएसबीवर चालवायची तर वेगळी वीज असलेला यूएसबी हब लागतो.

एका ट्यूनरच्या, म्हणजे एका वेळी एकच ट्रान्सपॉंडर पकडणाऱ्या बॉक्सवर एक चॅनल रेकॉर्ड करत दुसरा पाहायचा असेल तर दोन्ही एकाच ट्रान्सपॉंडरवर असावे लागतात. इतर चॅनल तेवढा वेळ मिळत नाहीत. ज्या घरात रोज यावरून भांडण होणार, तिथे दुसरा बॉक्स आणि दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या. साधा स्प्लिटर चालणार नाही, कारण प्रत्येक बॉक्स एलएनबीला स्वतंत्र व्होल्टेज पाठवतो.

टायमर लावण्याआधी बॉक्सचे घड्याळ जीएमटी अधिक ५:३० वर आहे ना, ते पाहा. मालिका साडेपाच तास चुकीच्या वेळी रेकॉर्ड होण्याचे कारण बहुतेकदा इथेच सापडते. टायमर चालायला बॉक्स रिमोटने स्टँडबायमध्ये ठेवावा लागतो, भिंतीवरचे बटण बंद केले तर रेकॉर्डिंग होत नाही. लोडशेडिंगच्या भागात राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बॉक्सलाही लावता येतो. वीज अचानक गेली की अर्धवट फाइल उघडत नाही, हा त्रास त्याने टळतो. यूपीएसची अँपिअर क्षमता अडॅप्टरइतकी किंवा त्याहून जास्त असावी.