सामाजिक मानसशास्त्राचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

अपघात झाला, बघ्यांची गर्दी जमली, पण मदतीला कुणीच धावलं नाही. का? पहिल्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न आला की उत्तरात हमखास एक वाक्य सापडतं: ‘हल्ली माणुसकीच उरली नाही.’ वाक्य तळमळीने लिहिलेलं असतं, पण मार्क तिथेच जातात. कारण गर्दीतल्या प्रत्येकाच्या स्वभावात खोट आहे, असं आपण परिस्थितीकडे न बघताच ठरवून टाकलेलं असतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीचा जोर कमी लेखायचा, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण प्रमाद असं नाव दिलं. म्हणजे ज्या प्रमादावर पुढच्याच प्रकरणात टीप लिहायची, तोच आपण इथे करून बसतो.

त्याऐवजी जॉन डार्ली आणि बिब लताने यांचा १९६८ चा प्रयोग नीट समजून घ्या. विद्यार्थी एका खोलीत एकटाच, कानाला हेडफोन, समोर माइक. कॉलेजजीवनातल्या अडचणींवर इतरांशी चर्चा चालली आहे, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते आवाज रेकॉर्ड केलेले असतात. त्यातल्या एकाला फिट येते, शब्द तुटायला लागतात, तो मदत मागतो. ‘हे फक्त मीच ऐकतोय’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिट संपायच्या आत मदत मागायला बाहेर पडले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. आणि न उठलेले लोक निर्विकार बसले होते का? मुळीच नाही. कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. माणुसकी होतीच, जबाबदारी मात्र सगळ्यांत विभागली गेली होती. हा तपशील उत्तरात आलाच पाहिजे.

याच प्रश्नात न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या १९६४ च्या खुनाचं उदाहरण देताना ‘३८ जण नुसते बघत राहिले’ असं छातीठोकपणे लिहू नका. वर्तमानपत्रातलं ते चित्र अतिरंजित होतं, हे नंतर दाखवलं गेलं आहे.

दुसरी चूक हद्दीची. ‘समाजशास्त्र समाजाचा अभ्यास करतं, मानसशास्त्र व्यक्तीचा, आणि सामाजिक मानसशास्त्र दोघांच्या मधलं’ हे लिहून काहीच सांगितलं जात नाही. अपघाताचंच उदाहरण घ्या. शहरात आणि खेड्यात मदतीचं प्रमाण वेगळं का, पोलिसांच्या चौकशीची भीती कुठल्या थरात जास्त, मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिल्यावर काय बदललं, हे समाजशास्त्राचे प्रश्न. गर्दीतून जो एकजण पुढे आला तो इतरांपेक्षा वेगळा कसा, हा व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासाचा. तोच माणूस एकटा असताना धावतो आणि चौघांत थबकतो, असं का? हा प्रश्न आपला. ते चौघे समोर असायलाही लागत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी केलेल्या सामाजिक मानसशास्त्राच्या व्याख्येत इतरांच्या प्रत्यक्ष उपस्थितीबरोबर कल्पित उपस्थितीही आहे, ती याचसाठी. (१९०८ मध्ये या विषयावर दोन पुस्तकं निघाली, एक मानसशास्त्रज्ञ मॅकडूगल यांचं, दुसरं समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांचं (वरचे ली रॉस वेगळे). तेव्हा हद्दीचा घोळ जुनाच आहे.)

याउलट काही जण सगळंच परिस्थितीच्या माथी मारतात. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात सहभागी माणूस ‘शिक्षक’ होऊन, उत्तर चुकलं की दुसऱ्याला विजेचा झटका द्यायचा (झटके खोटे, पण त्याला ते खरे वाटायचे). त्यातले ६५ टक्के सगळ्यांना पाठ असतात: ४० पैकी २६ जणांनी प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. उरलेले १४ जण थांबले, हे कुणी लिहीत नाही. सोबतचे दोन ‘शिक्षक’ नकार देऊन बाजूला झाले, तेव्हा ४० पैकी फक्त चौघेच शेवटपर्यंत गेले, हेही राहून जातं. माझ्या मते प्रयोगातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर ठरतं, हे कर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच सूत्रात मांडलं होतं.

‘यात नवीन काय, हे तर सगळ्यांना माहीत असतं’ असं वाटत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: मिलग्रॅमने आधी मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला, तेव्हा हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल असं ते म्हणाले होते.

संस्कृतीचा मुद्दा विसरू नका. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागोच्या लोकांची तुलना केली. इतरांच्या वागण्याची कारणं सांगताना म्हैसूरच्या प्रौढांनी परिस्थितीचा आधार जास्त घेतला. म्हणून गुणारोपण प्रमाद जगभर सारखाच, असं लिहू नका.

शेवटी नोट्स तपासा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निष्कर्ष निम्म्याहून कमी अभ्यासांत टिकले. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं) पहारेकऱ्यांना कडक वागण्याच्या सूचना मिळत होत्या, हेही बाहेर आलं आहे. तुमच्या नोट्समध्ये तो प्रयोग अजून टीकेशिवाय असेल, तर ते पान आजच दुरुस्त करा.