जावाचे क्लास ग्रूव्हीने कसे तपासावेत

नवा क्लास लिहिला की आपण घाईने मेन मेथड टाकतो, दोन-चार किमती छापून बघतो आणि जमलं की ती मेथड पुसून टाकतो. तिच्याबरोबर तपासणीही पुसली जाते. त्यापेक्षा ग्रूव्ही हाताशी ठेवा. ही स्क्रिप्टिंग भाषा जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालते, त्यामुळे कंपाइल झालेला जावाचा क्लास ती थेट वापरते.

बचत खात्याचा एक क्लास घेऊ: पैसे भरा, काढा, शिल्लक सांगा. रकमा बिगडेसिमलमध्ये, म्हणजे जावाच्या अचूक दशांश संख्यांच्या प्रकारात.

आधी क्लास कंपाइल करा आणि ज्या फोल्डरमध्ये तो आहे तो क्लासपाथमध्ये (क्लास जिथे शोधायचे त्या जागांच्या यादीत) देऊन ग्रूव्हीचं शेल उघडा. खातं तयार करा, ५०० भरा, १०० काढा, शिल्लक विचारा. प्रत्येक ओळीचं उत्तर लगेच समोर येतं.

जे करून पाहिलं ते आता स्क्रिप्टच्या फाइलमध्ये उतरवा, पण छापण्याऐवजी असर्ट लिहा, म्हणजे 'हे खरं असायलाच हवं' असं सांगणारी ओळ. शिल्लक ४०० हवी आणि आली ३९९, तर ग्रूव्ही ती अख्खी ओळ छापते आणि तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याखाली त्याची किंमत मांडते. चूक कुठे आहे हे शोधायला डीबगर उघडावा लागत नाही. ही सोय १.७ आवृत्तीपासून आहे.

मग वाकडे प्रश्न विचारा. शिल्लकेपेक्षा जास्त काढले तर? उणे रक्कम भरली तर? शून्य? नल? एक्सेप्शन यायलाच हवं तिथे शुडफेल (दिलेला कोड खरंच एक्सेप्शन देतो का हे बघणारी ग्रूव्हीची मेथड) वापरा आणि कोणतं एक्सेप्शन हवं तेही सांगा, नाहीतर भलत्याच कारणाने पडलेला कोडही पास ठरतो.

क्लासला व्याजदर बाहेरच्या सेवेकडून लागत असेल, तर त्या इंटरफेसच्या जागी एक मॅप द्या: मेथडचं नाव आणि दर परत करणारं क्लोजर, म्हणजे किंमतीसारखा देता येणारा कोडचा तुकडा. पुढे 'अ‍ॅज' लावून इंटरफेसचं नाव लिहिलं की खोटी सेवा तयार.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. ग्रूव्ही जावापेक्षा सैल आहे आणि त्या सैलपणात दोष लपतात. जावात २.० आणि २.०० हे बिगडेसिमल इक्वल्सने सारखे ठरत नाहीत. ग्रूव्हीत दोन बरोबरच्या चिन्हांनी ते सारखे ठरतात, कारण तुलना करता येणाऱ्या वस्तूंसाठी ते चिन्ह कम्पेअरटू (लहान-मोठं ठरवणारी मेथड) बोलावतं. तुमचा क्लास कम्पेरेबल इंटरफेस पाळत असेल, तर त्या चिन्हाने तुमचं इक्वल्स तपासलंच जात नाही. हॅशमॅपमध्ये मात्र इक्वल्सच वापरलं जातं. म्हणून इक्वल्स नावानिशी बोलवा. भागाकाराचंही तसंच: ७ भागिले २ जावाच्या पूर्णांकांत ३, ग्रूव्हीत ३.५. अपेक्षित उत्तर स्क्रिप्टमध्येच भागाकार करून काढू नका, हाताने काढून लिहा.

आणि शिल्लक विचारताना गेटरचं (फील्डची किंमत परत करणाऱ्या मेथडचं) नाव कंसांसकट लिहा. नुसतं 'खाते डॉट शिल्लक' लिहिलं आणि गेटर नसला, तर ग्रूव्ही प्रायव्हेट फील्डसुद्धा वाचून मोकळी होते.