जुन्या घराचा मूळ रंग शोधताना या चुका टाळा

जुन्या घराची रंगरंगोटी ठरली की घरात सगळ्यात आधी येतं ते शेडकार्ड. चूक तिथूनच सुरू होते. नागपुरातल्या महाल भागातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. डागडुजी काढली तेव्हा आम्हीही ओसरीत शेडकार्ड पसरून बसलो होतो. काकांना गेरूचा लाल हवा होता, कारण टीव्हीवरच्या मालिकांत वाडे तसेच दिसतात. आईला बदामी हवा होता. घराचा स्वतःचा रंग कोणता होता, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही.

उत्तर मिळालं ते वायरमनमुळे. त्याने जुना लाकडी स्विचबोर्ड उचकटला आणि मागे तळहाताएवढा निळसर चौकोन निघाला. नीळ घातलेला चुना. सगळे खूश झालो, सापडला म्हणून! तो आनंद घाईचा होता. स्विचबोर्डमागे दिसतो तो वीज आली त्या दिवशीचा रंग. घर त्याआधीचं होतं.

पहिला सापडलेला थर मूळ समजणे

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. उपाय साधा आहे. बारीक वॉटरपेपर ओला करून भिंतीवर रुपयाएवढी जागा घासायची आणि ती हळूहळू रुंद करत न्यायची. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतात. आमच्याकडे वरून क्रीम इमल्शन, मग गुलाबी डिस्टेंपर, पिस्ता डिस्टेंपर, मग निळीचा चुना, आणि त्याच्याही खाली पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा, कोवळा पिवळा. पिवडी आणि गिलाव्याच्या मध्ये फक्त पांढऱ्या चुन्याचा एक पातळ थर होता. तो रंग म्हणायचा की अस्तर? इथे भिंग घ्या. दोन थरांच्या मध्ये धुराची, धुळीची काळपट रेघ असेल तर खालचा थर काही वर्षं उघडा राहिला होता. रेघ नसेल तर दोन्ही हात, म्हणजे दोन्ही थर, एकाच वेळचे. आमच्या पांढऱ्यावर रेघ नव्हती, म्हणजे ते अस्तर. ओसरीचा पहिला रंग पिवडीचाच.

एका जागेवर भरवसा ठेवू नका. बिजागरीमागे, कोनाड्याच्या आत, फडताळाच्या पाठीशी, तुळईखाली, जिथे ऊन आणि हात पोचले नाहीत तिथे बघा. माजघर आणि ओसरीचा रंग एकच असेल असंही धरून चालू नका.

जुन्या फोटोवरून रंग ठरवणे

आजीच्या लग्नाच्या फोटोत आमची भिंत पांढरीशुभ्र दिसते. पण त्या काळातल्या अनेक फिल्म आणि फोटोच्या काचा लाल रंगाला आंधळ्या होत्या: निळं पांढरं दिसायचं आणि लाल काळं. फोटोवरून कमान, कठडा, रंगाचे पट्टे कुठे होते ते ठरवा, छटा ठरवू नका.

काळाशी न जुळणारी छटा

आपल्याकडे चुन्यात पडायची ती गेरू, पिवडी, काजळी, नीळ. चुन्याच्या तिखटपणात टिकतील असेच हे रंग, आणि त्यांची छटा मुळातच मवाळ. डोळे दिपवणारा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे मिळतो आणि त्याचं व्यापारी उत्पादन १९१६ च्या सुमाराला सुरू झालं. झळाळता निळा आणि हिरवा देणारी फ्थॅलोसायनिन रंगद्रव्यं १९३५ नंतरची. तुमचं घर त्याआधीचं असेल तर या छटा त्यावर परक्याच दिसतील.

छटा जुळवायची ती दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. आणि ओला चुना पाहून घाबरू नका. तो वाळल्यावर कितीतरी फिका होतो. आधी भिंतीवर हातभर नमुना द्या आणि दोन दिवस थांबा.

रंग बरोबर, पण डबा चुकीचा

हे नुकसान मला सगळ्यात जास्त टोचतं. छटा अगदी जुळवून आणतात आणि मग चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटची पुट्टी घासून प्लास्टिक इमल्शन मारतात. जुन्या विटांच्या भिंतीत ओल वर चढते. चुना ती बाहेर सोडतो, इमल्शन अडवतं. मग लोणा लागतो, म्हणजे भिंतीतले क्षार वर येतात, आणि पापुद्रे सुटतात. आमच्या म्हाताऱ्या पेंटरने भिंतीवर हात ठेवूनच सांगितलं, "ताई, हे नाही टिकणार जी. दोन पावसात फुगून येईन."

आपल्या नागपुरात आणखी एक भानगड असते: कूलर. खिडकीतल्या कूलरखालची भिंत चार महिने भिजत राहते आणि पाण्यातल्या क्षारांनी पांढरी पडते. त्या भिंतीवरून मूळ छटा ठरवू नका, आणि रंग देण्याआधी कूलर स्टँडवर सरकवा.

चुना देण्याचा हंगामही बघा. मे महिन्यात भिंत तापलेली असते, चुना पकडण्याआधीच वाळतो आणि हाताला पावडर लागते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काम घ्या. भिंत आधी पाण्याने ओली करा आणि जाड दोन हातांऐवजी पातळ चार हात द्या.

लाकूड खरवडून उघडं करणे

आमच्या सागवानी खांबांना आधी फक्त जवसाचं तेल होतं, हिरवा ऑइलपेंट नंतरचा. तो काढणं योग्यच होतं. पण खिडक्यांच्या झडपा पहिल्या दिवसापासून रंगवलेल्या निघाल्या. त्या सोलून चकचकीत पॉलिश मारलं असतं तर नवीच वस्तू झाली असती. दगडी जोत्याला मात्र कसलाच रंग नको.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली. ओलं करून खरवडा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बायकांना लांब ठेवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच फेका.

घर वारसा यादीत असेल तर कामाआधी महापालिकेत चौकशी करा.

वॉटरपेपरने घासलेली ती जागा आम्ही रंगवली नाही. पाचही वर्तुळं तशीच ठेवून वर काचेची चौकट बसवली आहे.